लाखोरी, ढेंचा आणि युरियाची बोरी

"पेरलं, छातीएवढं वाढवलं, अन् मंग टॅक्टर घालून चिखलात गाडलं. असं कोनी करते का वो बाई?"

काकूबाईंचा हा प्रश्न आषाढात निघाला आणि दिवाळी होऊन गेली तरी शिळा झालेला नाही. प्रश्न स्टेशनाच्या वाटेवर शेती असलेल्या एका पोराबद्दल आहे. पोरगा शिकलेला, आईबापाला एकुलता, अजून लग्न व्हायचं. यातलं शेवटचं काकूबाईंच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं. कारण त्याच्यासाठी त्यांच्या मावसबहिणीकडचं स्थळ बघणं चाललं होतं, आणि ज्या मुलाला उभं पीक गाडायची बुद्धी होते त्याला मुलगी द्यायची कशी, अशी शंका तिकडून फोनवर आली होती.

"त्यानं पीक नाही गाडलं, खत गाडलं," मी म्हटलं.

"खात पोत्यात येते वो. हे तं शेतात उभं होतं."

वरठी म्हटलं की बाहेरच्या माणसाला गाव आठवत नाही, भंडारा रोड स्टेशन आठवतं. भंडाऱ्याला जाणारा इथं उतरतो आणि ऑटो पकडून निघून जातो. दुसरी खूण सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याची. त्यामुळे इथली काही घरं शिफ्टच्या भाषेत बोलतात, काही नक्षत्रांच्या, आणि आमच्यासारख्या घरांत नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला की दोघं मिळून पुनर्वसूतला रोवणा उरकतात. कुंपणापलीकडच्या काकूबाईंच्या घरातले काकाजी निव्वळ नक्षत्रवाले. पंचांग भिंतीला, आणि भिंत पाठीला.

काकाजी तेव्हा अंगणात बसून विळ्याला धार लावत होते. ते मान वर न करता बोलले, "ढेंचा होता तो. पोरगा येडा नाई. पन हिसाब कच्चा हाय त्याचा."

एवढं ऐकल्यावर कुंपणाजवळून हलणं शक्यच नव्हतं.

ज्यांच्या घरी धान नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ढेंचा ही शेंगेच्या कुळातली वनस्पती. तिच्या मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू राहतात, आणि ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. तागही, ज्याला बोरू म्हणतात, हेच काम करतो. पण तागाला पाणी साचलेलं सोसत नाही आणि ढेंचाला चालतं, म्हणून धानाच्या बांधीत ढेंचाच बरा. एकरी वीसेक किलो बी फेकायचं, पंचेचाळीस-पन्नास दिवस वाढू द्यायचं, फूल दिसू लागलं की चिखलणीबरोबर मातीत घालायचं. कोवळा पाला चिखलात लवकर कुजतो. आठवडाभर थांबून धान रोवलं की त्या कुजलेल्या पाल्यातला नत्र धानाला हळूहळू मिळत राहतो. युरियाचं तसं नाही. साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियातला बराच भाग हवेत उडतो, थोडा पाण्याबरोबर खालच्या बांधीत जातो, आणि धानाला त्यातला निम्म्याहून कमीच लागतो. खालची बांधी दुसऱ्याची असेल तर आपल्या पैशानं त्याचा धान हिरवा.

"अन् पन्नास दिवसांच्या वर ठेवला तं?" काकाजींनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, माझी परीक्षा चालली होती.

"तर काडी निबर होते."

"निबर काडी कुजत नाई. रोवनेवाल्या बायायच्या पायात घुसते. त्यायनं शिव्या घातल्या होत्या त्या पोराले, मी आयकल्या."

"तुमाले कोन सांगे तठी आयकाले उभं राहाले?" काकूबाई.

हे मात्र खरं की आमच्याकडे ढेंचाचं गणित वेळेवर अडतं. पाऊस येतो मृगात. मृगात ढेंचा पेरला तर तो गाडायला जुलैचा शेवट उजाडतो आणि रोवणा आश्लेषात जातो. भारी धानाला एवढा उशीर म्हणजे लोंबीत पळिंज, पोचट दाणे. म्हणून ढेंचा रोहिणीत पडायला हवा, मे महिना संपायच्या आत. मग तो पुनर्वसूत गाडून होतो आणि पुष्यात रोवणा लागतो. पण रोहिणीत बांधी भिजवायला पाणी कुणाकडे? बावनथडीच्या कालव्याचं पाणी ज्यांच्यापर्यंत येतं त्यांच्याकडे, किंवा बोअर असेल त्याच्याकडे. त्या पोराकडे बोअर आहे. काकाजींकडे आहे एक बोडी, आणि ती मार्चमध्येच कोरडी होते.

"त्याच्यामुळं मी मनतो, आमाले ढेंचा नोको. आमची लाखोरीच बरी होती."

आणि मग लाखोरी निघाली. पुस्तकातली लाखोळी, आमची लाखोरी. कुंपणापलीकडून मास्तर आले ते याच शब्दावर. मास्तर म्हणजे तिसऱ्या घरातले, निवृत्त. त्यांना निमंत्रण लागत नाही, विषय लागतो.

काकाजी सांगत होते ते असं. धान लोंबला, पिवळा पडू लागला, की कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी बांधीतलं पाणी काढून टाकायचं. माती ओली असताना, रातभर भिजवलेली लाखोरी उभ्या धानातच फेकायची. नांगर नाही, वखर नाही. धान कापेपर्यंत खाली लाखोरी बोटभर आलेली. कापणाऱ्या बाया तिच्यावरून चालतात, ती दबते आणि परत उठते. मग फक्त जमिनीतली ओल आणि पडलंच तर दव. माघ-फाल्गुनात शेंगा. याला उतेरा म्हणतात. पलीकडे छत्तीसगडातही याला उतेराच म्हणतात.

"बांधी उघडी राहे नाई," काकाजी म्हणाले. "आता पाहा, धान निंगाला का जूनपावतर जमीन भेगा पाडून पडली राह्यते. पह्यला पाऊस त्या भेगायतच जाते."

इतकं साधं. युरोप-अमेरिकेत दोन पिकांच्या मध्ये जमीन झाकायला मुद्दाम राय, व्हेच असली पिकं घेतात आणि त्यावर मोठमोठ्या परिषदा भरतात. चीनमधल्या भातशेतीत हिवाळ्यात जांभळ्या फुलांची एक शेंगवर्गीय वेल घेतात; तिचं बीसुद्धा उभ्या भातात फेकायची रीत आहे, आणि वसंतात ती नांगरून गाडतात. जपानमध्ये मासानोबु फुकुओका उभ्या भातात क्लोव्हर आणि बार्लीचं बी फेकत. त्यांचं पुस्तक १९७५ मध्ये आलं आणि जगभर वाचलं गेलं. मास्तरांनी हे सगळं सांगितल्यावर काकूबाईंनी विचारलं, "त्या बाबाले लाखोरी भेटली नाई का?" यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. मला ते बरं वाटलं.

पण लाखोरीचं प्रकरण इतकं गोड नाही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लाखोरीच्या दाण्यात एक विषारी अम्ल असतं. दुष्काळात माणसं महिनोन्‌महिने दुसरं काहीच न मिळून नुसती लाखोरी खातात, तेव्हा पाय लुळे पडतात आणि ते परत येत नाहीत. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं सागरकडच्या गावांत अशी माणसं पाहून आपल्या १८४४ च्या पुस्तकात त्याची नोंद केली आहे. १९६१ पासून लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली. बंदी विकायला होती. घरी डाळ भरडायला आणि वडे तळायला आमच्या झाडीपट्टीत कुणी कुणाला विचारलं नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. महाराष्ट्रानं २००८ मध्ये ती उठवली. विष कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवडा असे वाणही आता आहेत. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की त्यातलं बरंचसं विष निघून जातं. आणि मुख्य म्हणजे भाकरी-भाताबरोबर डाळ म्हणून खाणं वेगळं, नुसत्या तिच्यावर जगणं वेगळं.

"आमच्या आज्यानं जलमभर खाल्ली. नव्वद वर्सं चालला," काकाजी म्हणाले.

"भात पन खाल्ला त्यायनं. पोटभर," काकूबाई.

यात वैद्यकातलं सगळं आलं.

मग लाखोरी गेली कशामुळे? बंदीमुळे, असं मास्तरांचं मत. मला ते पटत नाही. बंदी होती तेव्हाही बांध्यांमधून लाखोरी दिसायची, आणि बंदी उठल्यावर ती अजून कमी झाली. लाखोरी हार्वेस्टरनं नेली. मजूर मिळेनात, मिळाले तर परवडेनात, म्हणून कापणीला मशीन आली. मशीनला कडक जमीन लागते आणि उतेऱ्याला ओली. ओल्या बांधीत मशीन रुतते, आणि जिथं रुतत नाही तिथं तिच्या चाकाखाली लाखोरी उरत नाही. दुसरं कारण ढोरं. पूर्वी गावात राखण असे, दवंडी पिटली की रब्बीच्या बांध्यांकडे ढोर फिरकत नसे. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि जी ढोरं उरली ती मोकाट. सगळ्या शिवारात एकट्यानं लाखोरी टाकली तर सगळ्या गावाची ढोरं त्याच्याच बांधीत पंगतीला बसतात. तिसरं, जिथं कालवा आहे तिथं उन्हाळी धान. धानावर धान. जमिनीला श्वास घ्यायला जागाच नाही.

"म्हंजे लाखोरी एकट्याचं काम नाई," काकाजी म्हणाले.

अगदी बरोबर. ढेंचा एकटा माणूस करू शकतो, उतेरा गावाला करावा लागतो. स्टेशनाकडच्या त्या पोराचं मला म्हणूनच कौतुक आहे. त्यानं गावाची वाट पाहिली नाही.

इथं एक बारीक गोष्ट. लाखोरी काढताना आपण ती मुळासकट उपटतो. म्हणजे जी मुळं मातीत राहायला हवीत तीच खळ्यावर जातात. विळ्यानं कापली तर निदान मुळं बांधीत कुजतील. तरीही लाखोरीकडून ढेंचाएवढी अपेक्षा करू नये. दाणे पिकू दिले की बराचसा नत्र दाण्यांत जातो आणि दाणे आपल्या डब्यात. फुलावर असताना गाडलेल्या पिकाचा नत्र मात्र सगळा जमिनीलाच मिळतो. लाखोरी डाळ देते, चारा देते, जमीन झाकते आणि जाता जाता धानासाठी थोडं ठेवून जाते. तेवढ्यावर तिची किंमत करावी.

"आता हिसाब कच्चा म्हंता ना, आयका," मास्तरांनी खिशातून पेन काढला. कागद नव्हता, हातावरच लिहिलं.

चांगला जमलेला ढेंचा हेक्टरी साधारण साठ किलो नत्र देतो, कधी जास्तही. एकराला धरा चोवीस किलो. युरियाची बोरी पंचेचाळीस किलोची, त्यात नत्र शेकडा सेहेचाळीस, म्हणजे वीस-एकवीस किलो. याचा अर्थ ढेंचाचं आख्खं एकर म्हणजे युरियाची एक बोरी आणि वर थोडं. त्या बोरीची किंमत २६६ रुपये ५० पैसे.

"अन् ढेंचाचं वीस किलो बी?" काकाजींनी विचारलं.

"बोरीच्या कितीतरी पट."

"मी का मनलो? हिसाब कच्चा!"

गप्प बसायची पाळी माझी होती, पण मला गप्प बसणं जमत नाही. हिशेब कच्चा पोराचा नाही, बोरीचा आहे. ती २६६ ला मिळते कारण उरलेले पैसे सरकार भरतं. तिची खरी किंमत शेतकऱ्यानं मोजली असती तर भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक बांधीत आज ढेंचा डोलला असता. आणि बोरीत नत्राशिवाय काही नाही. ढेंचा हेक्टरी पंधरा-वीस टन हिरवा पाला मातीत घालतो. त्यानं माती भुसभुशीत होते, पाणी जास्त दिवस धरते, गांडुळं येतात. शिवाय तो दाट वाढतो म्हणून सुरुवातीचं तण खाली दबतं आणि निंदणाची एखादी पाळी वाचू शकते. निंदणाची एका दिवसाची मजुरी किती, हे मास्तरांनी हातावर लिहिलं नाही. शिवाय एका वेळी भसाभस युरिया टाकला की धान हिरवागार, लुसलुशीत होतो आणि तुडतुड्यांना आमंत्रण जातं. मग फवारणी, मग लोळणं. पूर्वी पाल्याची उणीव शेणखत भरून काढायचं. आता गोठ्यात बैल नाहीत, तर शेणखत कुठून आणायचं?

"त्याच्या शेतातला धान कसा हाय मंग?" काकूबाईंनी मुद्द्याला हात घातला. स्थळ अजून मोडलेलं नव्हतं.

काकाजी त्या वाटेनं रोज जातात. "बरा हाय. लय नाई, बरा हाय. लोरला नाई. बाजूच्याचा लोरला."

पहिल्याच वर्षी ढेंचानं पोती दुप्पट होतात असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून बी घेऊ नये. पहिल्या वर्षी 'बरा हाय' एवढंच होतं, आणि तेवढं पुरे. माती सुधारायला वर्षं लागतात. ती बिघडायलाही वर्षंच लागली होती.

आता ज्यांच्याकडे रोहिणीत पाणी नाही त्यांचं काय? दोन वाटा मला माहीत आहेत. आवत्या धान टाकणाऱ्यांनी, म्हणजे रोवणा न करता थेट बी फेकणाऱ्यांनी, धानाबरोबरच ढेंचाचं बी टाकायचं आणि पंचवीस-तीस दिवसांनी टू-फोर-डी हे तणनाशक फवारायचं. रुंद पानांचा ढेंचा करपून धानाच्या पायथ्याशी आडवा होतो, गवताच्या जातीचा धान तसाच उभा. पाला तिथंच कुजतो. हे वाचताना सोपं वाटतं. पण वारा सुटला असताना फवारलं तर आपल्या आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावरची तूर मरते, आणि वांग्याची वाडी जवळ असेल तर भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जातं. मला ही वाट फारशी आवडत नाही. जमिनीचं भलं करायला निघून पंपात विष भरायचं हे मनाला पटत नाही, पण ज्याला दुसरा इलाज नाही त्यानं वारा पडलेला बघून करावं.

दुसरी वाट आमच्या दोन घरांच्या मध्ये उभी आहे. हे कुंपण गिरीपुष्पाचं आहे. फांदी खोचली की जगते, छाटली की फुटते, ढोरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. तिचा पाला नत्रानं भरलेला आणि कोवळा. चिखलणीच्या आधी बांधीत पसरला की काही दिवसांत विरतो. कोकणात डॉ. सावंतांनी भाताची चारसूत्री पद्धत मांडली त्यातलं दुसरं सूत्र हेच, गिरीपुष्पाचा पाला. पहिलं सूत्र तूस आणि तणस शेतालाच परत देण्याचं, तिसरं नेमक्या अंतरावर रोवण्याचं, चौथं चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचण्याचं. खोचलेली गोळी उडून जात नाही. पण पाल्याचं ओझं वाहायला माणसं लागतात. म्हणून गिरीपुष्प घराच्या कुंपणात नको, धुऱ्यावरच हवा. तिथं छाटला की तिथंच टाकता येतो.

"मंग हे कुप कायले लावलं?" काकाजी.

"तुमच्यासंग गोष्टी कराले," काकूबाईंनी माझ्या वतीनं उत्तर दिलं.

मास्तरांनी शेवटी विचारलं की यातलं कुणाला विचारायचं तर कुठं जायचं. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्रही तिथंच आहे, धानाचे वाणही तिथं निघाले आहेत. वाणावरून एचएमटी निघाला, एचएमटीवरून नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे निघाले. शाळा फारशी न शिकलेल्या त्या माणसानं बांधीत उभं राहून काही लोंब्या वेगळ्या ओळखल्या आणि अर्ध्या विदर्भाचं ताट बदललं. काकाजी त्यांच्याबद्दल बोलताना विळा खाली ठेवतात. मास्तरांनी मग धानाचा बोनस कधी जमा होणार तो विषय काढला, आणि त्यावर प्रत्येकाकडे वेगळी तारीख होती.

मावसबहिणीचा फोन परत आला तेव्हा काकूबाईंनी सांगितलं म्हणे, "पोरगा बरा हाय. खात घरचंच वापरते." स्थळ पुढं सरकलं आहे. पोराला कुणी विचारलं का, ते अजून कळलेलं नाही.

माझं मत विचाराल तर ढेंचाची दुसरी अडचण पैशाची आहे आणि ती सुटण्यासारखी आहे, कारण दरवर्षी सगळं बी विकत घ्यावं लागत नाही. सगळा ढेंचा गाडू नका. एका लांब धुऱ्यावर तुरीच्या ओळीला लागून ढेंचाची एक ओळ राहू द्या आणि तिला पिकू द्या. एका धुऱ्याचं बी पुढच्या वर्षी निदान एका लहान बांधीला पुरेल. मग २६६ च्या बोरीशी त्याची तुलना करायची गरज उरत नाही. आमच्याकडे ढेंचाच्या शेंगा कार्तिक-मार्गशीर्षात वाळतात आणि वाळल्या की तडकून बी मातीत सांडतं; म्हणून शेंगा तपकिरी झाल्याबरोबर, सकाळचं दव असतानाच, फांद्या कापून अंगणात आणा.